कागदावरचा टाका



वसंत व्याख्यानमाला म्हटली की वेदान्त, राज्यघटना, अर्थकारण असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या पंगतीत ‘हाताने केलेली शुभेच्छापत्रे’ हा विषय येऊन बसलेला पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल, आणि ते साहजिक आहे. ज्या गावात राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला, त्या गावात बोलायचे तर भाषेवर आणि नाटकावर बोलावे. कागदाच्या घडीवर आणि सुईदोऱ्यावर तासभर काय बोलायचे, असेही कोणी म्हणेल.

पण या विषयात पैसा गुंतलेला आहे, आणि तोही अशा घरांतला की जिथे शंभर रुपयांचा हिशेब ठेवावा लागतो. बचत गटांच्या भगिनींसाठी जी शिबिरे भरतात, त्यांत मेणबत्ती, अगरबत्ती, लोणची यांच्या जोडीला शुभेच्छापत्रे हा विषय पुष्कळदा असतो. तीन दिवस शिकवतात, चौथ्या दिवशी प्रमाणपत्र देतात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात. मग पत्र्याच्या पेटीत शे-दीडशे कार्डे पडून राहतात. मी अशा पेट्या पाहिल्या आहेत. त्यातली कार्डे वाईट नव्हती, काही तर फारच सुरेख होती. तरी ती खपली नव्हती. ती का खपत नाहीत, आणि खपावीत असे वाटत असेल तर कागद, साचा आणि टाका यांचा मेळ कसा घालावा, एवढाच माझा आजचा विषय.

शुभेच्छापत्र ही साहेबाची चाल, आपली नव्हे, असे एक मत आहे. छापील कार्डाबद्दल ते खरे आहे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थाने हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले, हजारभर प्रती छापल्या आणि एक शिलिंगला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या. तिथून तो व्यापार सुरू झाला. परंतु आपल्याकडे ही चाल आली तेव्हा तिला मराठी घराने आपले वळण दिले, हे विसरता कामा नये. संक्रांतीला दूरच्या आप्तांना पाकिटातून चार दाणे हलवा आणि बोटभर रुंदीचे भेटकार्ड धाडण्याची रीत आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असेल. त्या कार्डाला किंमत अशी नव्हतीच. किंमत होती ती हलव्याच्या दाण्यांना, आणि ते दाणे पाकिटात घालणाऱ्या हाताला. पोस्टातल्या शिक्क्याखाली निम्म्या हलव्याचा चुरा होई. पण चुरा झाला तरी तो तोंडात टाकल्यावाचून पाकीट कोणी फेकले नाही.

आता साच्याकडे वळतो. ‘डाय’ हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. करंजीची कड कातण्याने कापतो, ते कातणे म्हणजे एक प्रकारचा साचाच. फरक इतकाच की कातणे फिरत जाते आणि साचा एकदम दाबला जातो. छापखान्यातला साचा कसा करतात ते पाहण्यासारखे आहे. जाड प्लायवूडच्या फळीत आकृतीच्या रेषेवर बारीक खाच पाडतात; पूर्वी ती करवतीने पाडीत, हल्ली लेझरने पाडतात. त्या खाचेत धारेची पोलादी पट्टी आकाराप्रमाणे वाकवून ठोकून बसवतात. जिथे कापायचे तिथे धारेची पट्टी, जिथे नुसती घडी पाडायची तिथे बोथट पट्टी. पट्टीच्या दोन्ही अंगांना रबराचे तुकडे चिकटवतात, म्हणजे दाब सुटल्यावर कापलेला कागद धारेत अडकून न राहता आपोआप वर येतो. मिठाईचे खोके आणि खिडकीची लग्नपत्रिका याच रीतीने निघतात. घरगुती कामासाठी हाताने फिरवायचे दोन रुळांचे लहान यंत्र मिळते. त्यात पोलादाचा पातळ साचा आणि कागद दोन पाट्यांमध्ये धरून रुळांतून काढला की झाले. कपडे पिळण्याचे जुने यंत्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते लगेच समजेल.

डायने कागदावर उठाव काढण्याची गोष्ट तर आपल्या इतिहासातच आहे. १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये बार्टल फ्रियरने टपालाची तिकिटे काढली, ती आशियातील पहिली तिकिटे मानतात. हाच फ्रियर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. ती तिकिटे वाटोळी होती आणि त्यांवरची खूण साच्याने दाबून उठवलेली होती. त्यांतली लाखेची लाल तिकिटे तर टपालाच्या हाताळणीत तडकून जात. कागद सोसतो आणि लाख सोसत नाही, हा धडा त्या वेळीच मिळाला होता. आजही कार्डावर मणी, काचा आणि लाकडी गुंड्या लादणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

तिकिटाचाच आणखी एक धडा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडचे १८४० सालचे पहिले तिकीट कात्रीने कापावे लागे. चौदा वर्षांनी, १८५४ साली, तिथे छिद्रांच्या रांगा असलेली तिकिटे सर्रास निघू लागली. ओळीने जवळजवळ भोके पाडली की कागद त्या ओळीवर फाटतो. तिकिटाला तेच हवे असते. आपल्याला कार्ड शिवताना मात्र भोके हवीत आणि फाटणे नको. म्हणजे तिकीट करणाऱ्याने जे केले त्याच्या नेमके उलट आपण करायचे. दोन छिद्रांमध्ये तीन ते चार मिलिमीटर अंतर ठेवावे, कार्डाच्या कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत राहावे, आणि भोक दोऱ्याला पुरेल एवढेच पाडावे, सुईच्या नेढ्याला पुरेल एवढे नव्हे. नेढे थोडे अडेल, अडू द्यावे.

छिद्रे पाडायची कशी? ज्या भगिनींनी साडीवर कशिदा काढला आहे त्यांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. पारदर्शक कागदावर नक्षी काढायची, रेषेवर सुईने टोचत जायचे, मग तो कागद कापडावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने घासायची, की ठिपक्यांची नक्षी कापडावर उतरते. कार्डासाठी नीळही नको आणि रॉकेलही नको. टोचलेला नमुना कार्डावर ठेवून त्याच भोकांतून खालच्या कार्डात सुई उतरवायची. खाली आधाराला जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवावा. त्यापेक्षा चांगली गादी मी विकत घेतलेल्या सामानात पाहिली नाही. सरळ रेघ असेल तर शिंप्याचे काटेरी चाक फिरवले की ठिपके समान अंतरावर पडतात, सुई फक्त मागाहून घालायची.

दोरा कशिद्याचा सहा पदरी असतो, त्यातले दोनच पदर घ्यावेत. शेवटाला गाठ मारू नये. गाठीचा फुगवटा पुढून दिसतो, आणि ओढ बसली तर गाठ भोकातून बाहेर येऊन कागद फाडते. दोऱ्याचे टोक मागे चिकटपट्टीने बसवावे. दोरा ओढताना कागदाशी काटकोनात ओढावा. तिरका ओढला की तो करवतीसारखा चालतो. आणि क्रम चुकवू नये: आधी साच्याने कापणे, मग घडी पाडणे, मग टोचणे, शेवटी शिवणे. शिवलेले कार्ड साच्याखाली घातले की टाके चेपतात आणि एखादा दोरा धारेखाली तुटतो. शिवून झाल्यावर मागची दोऱ्यांची भाऊगर्दी झाकायला आत पातळ कागद लावावा. तो गव्हाच्या पिठाच्या खळीने लावला तर झुरळांना मेजवानी होते. बुकबाइंडर म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी. मुलांच्या हाती ती खळ देऊ नये. साधा पांढरा गोंद चार ठिकाणी टिपकला तरी पुरतो.

आता एका बाईंची गोष्ट सांगतो, कारण या कलेत मला सर्वांत अधिक आनंद जिने दिला ती हीच. गोष्ट सुरू होते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करणारा विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची समाधी तिथे आहे. त्याचे काम पुढे नेले त्याच्या साहाय्यकाने, जॉर्ज एव्हरेस्टने. जगातील सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते याचेच. या एव्हरेस्टची पुतणी मेरी. तिने जॉर्ज बूल या गणितज्ञाशी १८५५ साली लग्न केले. बूलचे तर्काचे बीजगणित आज प्रत्येक संगणकाच्या पोटात चालते. तो १८६४ साली वारला, आणि पाच मुली पदरात असलेली मेरी लंडनमध्ये मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून राहिली. मुलांना भूमिती शिकवावी कशी, याचा तिने ध्यास घेतला. तिने केले काय, तर मुलांच्या हाती टोचलेली कार्डे आणि रेशमाचा दोरा दिला.

करून पाहा. कार्डावर एका कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन सरळ रेघा काढा, प्रत्येकीवर समान अंतरावर दहा छिद्रे पाडा. कोपऱ्यापासून मोजायला लागा. पहिल्या रेघेवरचे पहिले छिद्र दुसऱ्या रेघेवरच्या दहाव्याशी जोडा, दुसरे नवव्याशी, तिसरे आठव्याशी. शेवटी दहावे पहिल्याशी. प्रत्येक दोरा सरळ आहे. एकही वाकलेला नाही. तरी डोळ्यांपुढे वक्ररेषा उभी राहते, आणि ती वेडीवाकडी नसून गणितातले शुद्ध अन्वस्त असते. आता वर्तुळावर कोनमापकाने दहा-दहा अंशांवर छत्तीस छिद्रे पाडा आणि त्यांना क्रमांक द्या. एक जोडा दोनशी, दोन चारशी, तीन सहाशी, असे दुप्पट करीत जा. छत्तीसच्या पुढे गेलात तर छत्तीस वजा करा. आत हृदयाच्या आकाराची रेषा उमटते. तिला हृदयाभ म्हणतात. प्रेमपत्रावर हृदय काढायला दुकानातला ठसा आणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की सुई, दोरा आणि दोनचा पाढा पुरतो.

बालशिक्षणात टोचणे आणि शिवणे हे मेरी बूलच्याही आधीचे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली बालकांसाठी जी संस्था काढली आणि जिला पुढे किंडरगार्टन हे नाव दिले, तिच्या उद्योगांत कागद टोचणे आणि टोचलेल्या कागदावर दोरा ओवणे ही दोन्ही होती. आपल्या शाळांतून कातरकाम, चिकटकाम, ठसेकाम या तासिका चालत. त्या तासिका गणिताच्या जादा वर्गाला देऊन टाकणाऱ्या मुख्याध्यापकांना आपण फार शिस्तीचे म्हणतो. त्या तासिकेत दहा छिद्रांचे अन्वस्त झाले असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कागदाबद्दल दोन शब्द. यंत्राच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला तो सहज फाटतो आणि सहज दुमडतो. म्हणून घडी त्या दिशेने घालावी आणि छिद्रांची लांब ओळ शक्य तो आडवी घ्यावी. हातकागदात तंतू चौफेर विखुरलेले असतात, म्हणून तो टाका उत्तम धरतो. आणि चांगला हातकागद होतो कशापासून? सुती चिंध्यांपासून. कापूस आपल्या विदर्भाचा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती या कापसाच्या भरवशावर. ती गिरणी आता बंद पडली; तरी शिंप्याच्या दुकानातल्या कातरणांना तोटा नाही. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत हातकागदाचे काम झाले. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. कापसाच्या कागदावर कापसाच्या दोऱ्याने टाका घालायचा, दोन्ही गोष्टी इथल्या मातीतल्या. एवढे असताना शिबिरांत परदेशी चकचकीत कागदाचे संच वाटतात, याचे मला नवल वाटते.

आता मूळ प्रश्न, कार्डे पडून का राहतात. मी एक हिशेब मांडतो. आकडे धरून चालायचे आहेत, आपण आपले घाला. सगळे हाताने करायचे, नक्षी काढणे, टोचणे, कात्रीने कापणे, भरगच्च शिवणे, चिकटवणे, तर एका कार्डाला तास जातो. तासाची मजुरी साठ रुपये धरा, सामान दहा रुपये. सत्तर झाले. दुकानदार विक्रीचा तिसरा हिस्सा घेणार, म्हणजे किंमत एकशे पाच रुपये ठेवावी लागते. एकशे पाच रुपयांचे कार्ड सावनेरच्या बाजारात कोण घेईल? कोणी घेत नाही. मग बाई किंमत तीस करते, म्हणजे दुकानदाराचा हिस्सा आणि सामान जाऊन तिच्या तासाला दहा रुपये पडतात. याला आपण स्वावलंबन म्हणतो.

साचा इथे कामाला येतो. नक्षी एकदाच ठरवायची. कापायला मिनिट पुरते. एका नमुन्याखाली पाच कार्डे धरून टोचली तर दर कार्डाला दोन मिनिटे. शिवण भरगच्च न ठेवता नेमकी ठेवायची, बारा मिनिटे. चिकटवायला तीन. अठरा मिनिटे, म्हणजे अठरा रुपये. सामान दहा. हजार रुपयांच्या साच्यातून पाचशे कार्डे निघाली तर कार्डामागे दोन रुपये. तीस झाले. दुकानात पंचेचाळीस, परभारे विकले तर तीस-पस्तीस. ही किंमत माणूस देऊ शकतो. ‘मग ते हातचे कसे?’ असा प्रश्न मला नेहमी विचारतात. अहो, करंजी कातण्याने कापली म्हणून ती बाजारची होते काय? टाका हाताचा आहे, आणि घेणाऱ्याचा डोळा टाक्यावरच जातो. साच्याने वाचलेला वेळ टाक्याला द्यावा.

पण हेही स्पष्ट सांगतो की नुसत्या कार्डांच्या विक्रीवर आज घर चालणार नाही. शुभेच्छा आता फुकट जातात, दिवाळीच्या पहाटे एक माणूस दोनशे लोकांना एकच चित्र धाडतो. शिबिरात हे सांगत नाहीत, ही माझी तक्रार आहे. चालते ते वेगळे: बारसे, मुंज, साठी, एकसष्टी यांच्या पन्नास-शंभर पत्रिकांचे आगाऊ ठरलेले काम. त्यात माल पडून राहत नाही, कारण करण्यापूर्वीच तो विकलेला असतो. आणि चालते ते एखाद्या कार्याच्या नावावर. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर आणि त्यांच्या सहा मित्रांनी पन्नास रुपयांवर ‘क्राय’ सुरू केली, तेव्हा मुलांसाठी पैसा उभा केला तो शुभेच्छापत्रांतूनच. युनिसेफचे पहिले कार्ड १९४९ सालचे. चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या यित्का सामकोवा या मुलीने, कागद मिळेना म्हणून, ते चित्र काचेवर काढले होते. वरोऱ्याच्या आनंदवनातली हातची शुभेच्छापत्रे आपल्यांपैकी कित्येकांनी घेतली असतील. तिथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: तिथले कार्ड दयेने एकदा घेतले जाते, दुसऱ्यांदा घेतले जाते ते चांगले असते म्हणून. दयेवर दुसरी मागणी येत नाही.

टपालाचाही विचार करा. साध्या पत्राच्या दराची पहिली पायरी वीस ग्रॅमची. चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम वजनाच्या जाड कागदाचा ए-फोर ताव दुमडून कार्ड केले तर नुसता कागदच साडेपंधरा ग्रॅमच्या वर भरतो. त्याला मावेल असे पाकीट सात ग्रॅमच्या आसपास. दोरा ओवण्यापूर्वीच पायरी ओलांडली! अर्ध्या तावाचे कार्ड मात्र आठ ग्रॅमच्या आत बसते; लहान पाकीट, दोरा, आतला कागद सगळे धरून वीसच्या आत राहते. लहान कार्ड शिवायलाही थोडे, धाडायलाही स्वस्त.

राहता राहिली नक्षी. आमच्या उन्हात, जिथे एप्रिलमध्ये दुपारी कावळा बाहेर पडत नाही, तिथे बर्फाची झाडे आणि लाल टोपीचा म्हातारा शिवत बसण्यात काय हशील? संत्र्याचे फूल पाच पांढऱ्या पाकळ्यांचे असते. पाच टाक्यांत एक पाकळी होते. बहराच्या दिवसांत त्याचा वास ज्याने घेतला आहे तो नागपूरहून पुण्याला गेलेला मुलगा ते कार्ड पाहून ओळखल्याशिवाय राहणार नाही. तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी नंदी साच्यासाठी जणू घडवलेलाच आहे. कडा सरळ, चाके गोल, आणि झूल शिवायला मोकळी जागा. संक्रांतीला पतंग कापावा आणि त्याचा मांजा खराखुरा दोराच ठेवावा, कार्डाच्या बाहेर लोंबता. आत दोन ओळी लिहायच्या त्या स्वतःच्या लिहाव्यात. अक्षर वाईट असले तरी चालते.

उद्या सकाळी आठ वाजता, ऊन चढण्याच्या आत, याच मंडपात बसून आपण दहा छिद्रांचे अन्वस्त आणि संत्र्याचे फूल करणार आहोत. येताना बारीक सुई, कशिद्याचा दोरा, एक जुनी रबरी चप्पल आणि घरात साठलेल्या जुन्या लग्नपत्रिका आणाव्यात. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. पत्रिकेवरचा गणपती मात्र आधी कात्रीने अलगद कापून देवघरात ठेवून यावा, कारण त्यावर सुई टोचायला कोणाचाच हात धजत नाही आणि अर्धा तास त्यातच जातो.